घरी केस रंगवताय? मग या चुका टाळा

दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत आमच्या पार्लरमध्ये नव्याने कलर करून घ्यायला येणाऱ्या कमी आणि घरी केलेला कलर निस्तरून घ्यायला येणाऱ्या जास्त, अशी वेळ येते. घरी रंगवूच नका, असं मी कुणाला सांगत नाही. दर महिन्याला मुळाशी दिसणारे पांढरे केस झाकायचे असतील तर त्यासाठी पार्लरचे पैसे घालवायची गरज नाही, ते काम घरी छान होतं. बिघडतं ते ठरलेल्या जागीच. आपल्या केसांवर आधी काय बसलंय आणि आणलेल्या पाकिटात काय आहे, या दोन गोष्टी कुणी बघतच नाही. डबा आणला, कालवला, लावला.

काळ्या डायवर ब्राऊन किंवा बरगंडी

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून आधी तिच्याबद्दल.

वर्षानुवर्षं काळा डाय लावलेला असतो. मग एक दिवस काळ्याचा कंटाळा येतो आणि दुकानातून तांबूस ब्राऊन शेडचा डबा येतो. अपेक्षा अशी की काळा रंग जाऊन डब्यावरच्या मुलीसारखे केस होतील. ते होत नाही, कारण डब्यातला कलर आधीच्या डायला उजळ करूच शकत नाही. अमोनिया केसांवरचे खवले उघडतो आणि डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साईड, आपल्या केसांतला जन्मजात काळा रंग थोडा फिका करतो. त्याच वेळी नवा रंग केसाच्या आत तयार होतो. पण बाहेरून भरलेला काळा रंग त्याला हलत नाही. तो काढायला बहुतेक वेळा ब्लीच लागतं.

आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एक ताई आहेत, शाळेत शिकवतात. मुलीचा साखरपुडा चार दिवसांवर आला होता. त्या बरीच वर्षं पाण्यात कालवायची काळी पुडी लावत होत्या. मुलीने हौसेने त्यांना बरगंडीचा डबा आणून दिला. दोघींनी मिळून तो मुळांपासून टोकांपर्यंत लावला. अर्ध्या तासाने लांबीवर काहीच फरक दिसेना, म्हणून आणखी अर्धा तास ठेवला. धुतल्यावर मुळाकडचा दोन बोटं भाग लालभडक, कानशिलांवरचे पांढरे केस तर गुलाबी, आणि खाली सगळी लांबी पूर्वीसारखी काळी. इथे थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्याच रात्री आणखी फिकी शेड आणून वर लावली. दुसऱ्या दिवशी ओढणीने डोकं झाकून आल्या तेव्हा टाळूची आग होत होती आणि मुळं भगवी दिसत होती.

असं का झालं, ते सांगते. मुळाकडचे केस नुकते उगवलेले, त्यांच्यावर डाय नव्हता, म्हणून ते उजळले. टाळूच्या उष्णतेने तिथे रंग भराभर चढतो, तेही एक कारण. पांढऱ्या केसात मुळात रंगच नसतो, त्यामुळे लाल शेड त्यावर जशीच्या तशी उठून दिसते. आणि लांबीवरचा जुना काळा डाय तसाच राहिला.

ताईंचं म्हणणं होतं की सगळा काळा रंग उतरवून द्या. मी नाही म्हटलं. थरावर थर चढलेल्या काळ्या केसांवर, समारंभ तोंडावर असताना ब्लीच केलं असतं तर टोकं हातात आली असती, आणि रंग भगव्यापुढे गेलाच नसता. त्यात टाळू दुखरी झालेली. आग शमेपर्यंत थांबून मी फक्त मुळांना, टाळूपासून जरा अंतर ठेवून, गडद ब्राऊन लावला आणि लांबीशी जुळवून घेतलं. साखरपुड्यात फोटो चांगले आले. पुढे दर भेटीत थोडी टोकं कापत आणि बारीक हायलाइट्स घालत त्यांना हवा तो ब्राऊन आणायला वर्षाच्या आसपास लागलं. काळ्यावरून ब्राऊनवर यायचा खरा रस्ता एवढाच लांब आहे. तो घाईने कापता येत नाही.

माझ्या काही सवयी आहेत, त्या घरीही पाळता येतात. डब्यावरचा फोटो बघायचा नाही. डबा उलटा करायचा. तुमचे आत्ताचे केस असे असतील तर रंग असा येईल, अशी छोटी चित्रं बऱ्याच डब्यांवर मागच्या बाजूला असतात, ती खरी. शेडचा पहिला आकडा वाचायचा. 1 म्हणजे काळा, 10 म्हणजे एकदम फिका सोनेरी. आपल्याकडच्या बहुतेकींचे मूळ केस 1 ते 3 मध्ये बसतात, तेव्हा डाय न लावलेल्या केसांवरही घरी एक-दोन पायऱ्यांपलीकडे जायचा हट्ट धरू नये. डेव्हलपर वेगळा घेत असाल तर 20 व्हॉल्यूम, म्हणजे 6 टक्क्यांचा, पुरतो. पांढरे केसही त्यानेच नीट झाकले जातात. 40 व्हॉल्यूम म्हणजे 12 टक्के पेरॉक्साईड, ते घरच्या बाथरूममध्ये डोक्याला लावायची वस्तू नाही. रीलमध्ये कुणी कितीही सहज लावून दाखवू दे.

आणि एक बट आधी रंगवून बघायची. कानामागची, वरच्या केसांखाली झाकली जाणारी. लावा, धुवा, वाळवा आणि खिडकीजवळच्या उजेडात बघा. बाथरूमच्या दिव्याखाली सगळेच रंग चांगले दिसतात. या एका तासाचा ज्यांना कंटाळा येतो, त्यांचेच फोन मला रात्री येतात.

“मी डाय नाही हो, काळी मेंदीच लावते”

हे वाक्य ऐकलं की मला धास्ती वाटते. मेंदीच्या पानांतला रंग नारिंगी ते तांबूस असतो. पांढऱ्या केसावर शुद्ध मेंदी केशरीच येते. अर्ध्या-पाऊण तासात केस काळे करणाऱ्या मेंदीत काळेपणा आणणारं दुसरं काहीतरी घातलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा पीपीडी असतं, पॅराफेनिलीनडायअमाईन. साध्या काळ्या डायमध्ये असतं तेच. पाकिटावर पानाफुलांचं चित्र असलं तरी घटकांची बारीक अक्षरांतली यादी वाचा.

आमच्या सोसायटीतल्या एक काकू वर्षानुवर्षं अशी मेंदी लावत होत्या, कधी काही झालं नाही. मग एकदा कानामागे खाज आली. उष्णता असेल म्हणून खोबरेल तेल लावलं आणि विसरून गेल्या. पुढच्या वेळी पुन्हा तेच पाकीट लावलं. सकाळी उठल्या तर दोन्ही डोळे सुजून मिटलेले, कपाळ लाल आणि केसांच्या कडेने पाणी सुटलेलं. त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावं लागलं. काकू तिथेही डॉक्टरांना सांगत होत्या की मी केमिकल लावतच नाही.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पीपीडीची ॲलर्जी पहिल्याच वेळी येईल असं नाही, अनेक वर्षं वापरल्यावरही येते. आणि एकदा आली की साधारणपणे जन्मभर राहते, बऱ्याचदा पुढचा त्रास आधीपेक्षा जास्त होतो. म्हणून कानामागची खाज हा इशारा समजा आणि तो डाय तिथेच बंद करा. अमोनिया नसलेला घेते, असं बऱ्याच जणी सांगतात. अमोनिया नाही म्हणजे पीपीडी नाही, असं मुळीच नाही. जत्रेत किंवा समुद्रकिनाऱ्यावर मुलांच्या हातावर काळ्या मेंदीचे टॅटू काढून देतात, त्यातही पीपीडी असू शकतं आणि त्यातून लहानपणीच ॲलर्जी लागू शकते. मुलांना ते काढू देऊ नका.

पॅच टेस्ट दर वेळी, ब्रँड तोच असला तरी. थोडासा डाय कालवून कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि 48 तास लक्ष ठेवा. म्हणजे रविवारी रंगवायचे असतील तर शुक्रवारी सकाळी टेस्ट. खाज, लाली, फोड काहीही दिसलं तर पाकीट केराच्या डब्यात. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर पार्लरला फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

ज्यांना डाय चालत नाही त्यांच्यासाठी मेंदी आणि मग इंडिगो, म्हणजे निळीच्या पानांची पावडर, हा चांगला मार्ग आहे. पण त्याला वेळ लागतो आणि घाई केली की तो फसतोच. मेंदी घेताना घटकांत एकच नाव असावं: लॉसोनिया इनर्मिस, म्हणजे मेंदीचं शास्त्रीय नाव. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातली सोजतची मेंदी प्रसिद्ध आहे, 2021 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. मेंदी काही तास भिजवायची. इंडिगो मात्र भिजत ठेवायची नाही. साध्या कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत लावायला घ्यायची. रात्रभर कढईत भिजवलेली इंडिगो घेऊन “रंगच चढत नाही” म्हणणाऱ्या खूप भेटतात. चढणार कसा, तिची ताकद केव्हाच गेलेली असते. केस तेलकट नकोत. मेंदी नुसत्या पाण्याने धुवून ओलसर केसांवर इंडिगो लावा, तास-दोन तास ठेवा, पुन्हा नुसतं पाणी. सुरुवातीला हिरवट झाक दिसेल, घाबरू नका, एक-दोन दिवसांत गडद होते. तोपर्यंत शाम्पू नाही.

मेंदीत अंडं, दही, तेल घालायची पद्धत घरोघरी आहे. केस मऊ करायचे असतील तर ती खुशाल पाळा, पण मग रंग फिका आला म्हणून तक्रार करू नका. रंग हवा असेल त्या दिवशी मेंदी आणि चहाचं पाणी किंवा थोडं लिंबू, बास. आणि इंडिगो लावलेल्या केसांवर ब्लीच कधीही नाही. हिरवे होतात आणि तो हिरवा काढणं आम्हालाही जड जातं.

एकेका ओळीत

वेळ मोजायची ती सगळं लावून झाल्यावर, पहिला ब्रश लावल्यापासून नाही.

सुरुवात जिथे पांढरे सगळ्यात जास्त तिथून, बहुतेकींच्या बाबतीत कानशिलं आणि भांग.

धातूची वाटी नको, प्लास्टिकची किंवा काचेची घ्या.

उरलेला कालवलेला कलर पुढच्या महिन्यासाठी झाकून ठेवू नका. तो निकामी होतो, आणि घट्ट बाटलीत भरला तर गॅस साठून बाटली फुटू शकते.

कपाळाला आणि कानांना आधी व्हॅसलीन लावा, म्हणजे नंतर डाग काढायला लिंबू घासत बसावं लागणार नाही.

भुवयांना केसांचा डाय कधीच नाही. पाकिटावरच इशारा असतो, दृष्टी जाऊ शकते.

दर महिन्याला टोकांपर्यंत कलर

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. रंग तेवढ्याच भागाला हवा असतो. दर वेळी पूर्ण लांबी रंगवली की टोकं काळीकुट्ट आणि झाडूसारखी कोरडी होतात, मग त्यावर सीरम ओतून उपयोग नसतो. मुळांना लावा, आणि लांबीला तजेला हवाच असेल तर शेवटची पाच मिनिटं तोच कलर थोडं पाणी लावून खाली ओढा. तेही दर वेळी नको.

ओल्या केसांवर स्ट्रेटनर

केसांतून चर्र आवाज आला आणि वाफ निघाली की स्ट्रेटनर ताबडतोब बाजूला ठेवा. केसाच्या आतलं पाणी उकळून वाफ होते, आत बुडबुडे तयार होतात आणि केस नेमका तिथून तुटतो. कलर केलेल्या केसांत हे फार लवकर होतं. ज्या सकाळी समारंभ, त्याच सकाळी डोक्यावरून न्हाणं आणि लगेच स्ट्रेटनर, हा घाईचा प्रकार मला अजिबात पटत नाही. आदल्या संध्याकाळी न्हा. सकाळी पूर्ण कोरड्या केसांना हीट प्रोटेक्टंट, म्हणजे उष्णतेपासून केस वाचवणारा स्प्रे किंवा क्रीम, लावा, तापमान 180 अंशांपर्यंतच ठेवा आणि एका बटेवरून एकदा, फार तर दोनदा फिरवा. कलर आणि स्मूदनिंग, म्हणजे केस सरळ करायची केमिकल ट्रीटमेंट, यांत किमान दोन आठवडे जाऊ द्या. घरी करायची केराटिन क्रीम तर मी कुणालाच सुचवत नाही. त्यांतल्या काहींना तापवलं की फॉर्मल्डिहाइड या घातक रसायनाची वाफ निघते, आणि आपली बाथरूम केवढीशी असतात.

रंग नको तेवढा गडद आला तर

त्याच दिवशी दुसरा डबा उघडायचा नाही. ब्लीचही नाही. पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा कोंड्याच्या शाम्पूने धुतलं की बऱ्यापैकी रंग उतरतो, नंतर दर वेळी कंडिशनर भरपूर लावा. पंधरा दिवस थांबून उजेडात बघा. तेव्हाही खटकलं तर पार्लरमध्ये जा आणि जाताना लावलेल्या कलरचं रिकामं पाकीट सोबत न्या. आधी मेंदी, इंडिगो, पुडी, जे काही लावलं असेल ते सगळं सांगा, लाजू नका. समोरच्या मुलीला ते कळलं नाही तर ती चुकीचं काहीतरी लावेल आणि नुकसान तुमच्या केसांचं होईल.