शॅडो टीचरचं काम: मदत किती करायची आणि कधी थांबायचं

प्राथमिक वर्गात विशेष गरजा असलेल्या मुलाची मदतनीस किंवा शॅडो टीचर म्हणून रुजू होणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. या कामात सगळ्यात अवघड असतं ते हात आवरणं. मूल अडखळलं की आपण पटकन पुढे होतो, आणि त्यातून मूल शिकतं ते एवढंच, की थांबलं तर कुणीतरी करून देतं.

रुजू झाल्यावर आधी पालकांशी बोला. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरून टक्केवारी कळते, पण मूल लघवीला जायचं कसं सांगतं, कोणत्या आवाजाला घाबरतं, फिट येते का, औषध कधी घेतं आणि कशाची ॲलर्जी आहे, हे पालकच सांगतात. ते लिहून घ्या. पहिले तीन-चार दिवस शक्य तितकं नुसतं बघा. वर्गशिक्षकांकडून दुसऱ्या दिवशीचे धडे आदल्या दिवशीच मागून घ्या, म्हणजे चित्रं आणि मोठ्या अक्षरांतले कागद तयार ठेवता येतात. मूल वर्गशिक्षकांचं आहे हे दोघांनाही स्पष्ट असायला हवं. शिकवतील ते, ते शिकवणं मुलापर्यंत पोचवाल तुम्ही.

बसायचं मुलाच्या किंचित मागे, एका बाजूला. मूल आणि फळा यांच्या मध्ये नको, मूल आणि बाकावरचा सोबती यांच्या मध्ये तर अजिबात नको. इतर मुलं तुम्हाला विचारतील, "तो खेळायला येईल का?" उत्तर एकच: "त्यालाच विचार."

मदतीच्या पायऱ्या

शिक्षकांनी सूचना दिली की लगेच ती पुन्हा म्हणू नका. मनात दहापर्यंत मोजा. बऱ्याच मुलांना ऐकलेलं समजून कृती सुरू करायला तेवढा वेळ लागतोच, आणि मध्येच दुसरं वाक्य आलं की त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तरीही काही झालं नाही तर पुस्तकावर बोट ठेवा. मग चित्र दाखवा. मग स्वतः करून दाखवा. मग कोपराला हलका स्पर्श करा. हात धरून करून घेणं सगळ्यात शेवटी, आणि तेही मुलाला चालत असेल तरच.

शब्दांनी केलेली मदत किरकोळ वाटते, पण ती सोडवणं सगळ्यात कठीण. "आता लिही, पुढचं लिही" असं रोज ऐकणारं मूल त्या शब्दांशिवाय पेन्सिल उचलत नाही. खूण हळूहळू लहान करता येते, बोलणं तितक्या सहज नाही.

अगदी नवीन कौशल्य असेल तर क्रम उलटा: आधी मुलाचा हात धरून भरपूर मदत, मग फक्त मनगटाला धरून, मग कोपराला, मग नुसता जवळ हात. पट्टीचे बूट घालायला शिकवताना चार टप्पे पाडा: पाय आत घालणं, टाच बसवणं, पट्टी ओढणं, पट्टी दाबून चिकटवणं. पहिले तीन तुम्ही करा, शेवटचा मुलाला करू द्या. सलग तीन दिवस मदतीशिवाय जमला की त्याआधीचा टप्पाही त्याच्याकडे द्या. शेवटाकडून शिकवल्यामुळे प्रत्येक वेळी काम पूर्ण करण्याचा आनंद मुलाच्याच वाट्याला येतो.

मुलाच्या वहीत स्वतः लिहू नका. वही भरलेली दिसली की शिक्षकांना वाटतं धडा समजला. प्रत्येक उत्तरापुढे पेन्सिलीने छोटी नोंद करा: "स्व" म्हणजे स्वतः, "खू" म्हणजे खुणेने, "हा" म्हणजे हात धरून. दोन आठवड्यांच्या नोंदी पाहिल्या की मदत कुठे कमी करता येईल ते कळतं.

चित्रांचं वेळापत्रक आणि राग

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांपैकी अनेकांना "पुढे काय" हे दिसत राहिलं की शांत राहता येतं. साधारण ६ सेंटिमीटरची चौकोनी कार्डं, मागे वेल्क्रो, आणि शक्यतो त्याच शाळेतले फोटो: तिथला नळ, तिथलं मैदान. सुरुवातीला दोनच कार्डं लावा, "आधी" आणि "मग". पीटीचा तास रद्द झाला तर कार्ड मुलासमोर बदला, तास सुरू होण्याच्या बऱ्याच आधी.

मूल वही फेकत असेल तर पाच-सहा दिवस तीन गोष्टी लिहा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं. समजा, दर वेळी फळ्यावरून उतरवून घेतानाच वही उडते आणि मुलाला बाहेर नेलं जातं. म्हणजे फेकल्याने लिखाण टळतं. मग लिखाण अर्धं करा आणि "थोडं थांबू" असं कार्ड दाखवायला शिकवा. ते दाखवताच खरोखर थांबा, नाहीतर कार्ड निरुपयोगी ठरतं. प्रत्यक्ष उद्रेक चालू असताना बोलणं कमी करा आणि इतर मुलांना बाजूला घ्या. इजा टाळण्यापुरतंच धरा. समजावणं नंतर.

इतर काही

अंशतः दिसणाऱ्या मुलाला खिडकीकडे तोंड करून बसवू नका. उजेड मागून किंवा बाजूने हवा. देवनागरीत अनुस्वार, रफार आणि उकार आधी हरवतात, म्हणून जाड काळ्या पेनाने, ओळींत भरपूर जागा सोडून लिहा. श्रवणयंत्र रोज सकाळी तपासा: तोंड झाकून आ, ई, ऊ, श, स, म हे आवाज काढा आणि मुलाला ते म्हणायला सांगा. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलाचे पाय लोंबकळत असतील तर हातही स्थिर राहत नाही. पायाखाली पाट द्या, टेबल कोपराच्या उंचीला आणा.

फिट आली तर लगेच घड्याळ पाहा. आजूबाजूच्या वस्तू हटवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, हातपाय दाबू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, लगेच दुसरी आली किंवा श्वास नीट चालत नसेल तर १०८.

शौचाला नेताना किती मदत करायची हे पालकांकडून लेखी घ्या, हातमोजे वापरा, आणि जाताना दुसऱ्या कर्मचाऱ्याला सांगून जा. मुलाला जमेल तेवढं त्यालाच करू द्या आणि कपडे काढण्यापूर्वी दर वेळी विचारा.

घरी जाणाऱ्या डायरीत तीन ओळी पुरेत: काय जमलं, कुठे अडलं, डबा किती खाल्ला. तक्रार डायरीत लिहू नका, ती भेटून बोला. महिन्यातून एकदा शिक्षक आणि पालकांसोबत बसून एक तास किंवा सुट्टी निवडा, जेव्हा तुमची खुर्ची वर्गाच्या मागच्या भिंतीला असेल. पुढच्या महिन्यात आणखी एक.