नाकातला स्टिरॉइड स्प्रे वर्षानुवर्षं चालू आहे? मग डोळ्यांचं एवढं बघाच

स्प्रे डॉक्टरांनी महिन्याभरासाठी दिलेला असतो, नाक मोकळं झालं की बरं वाटतं, मग आपण केमिस्टला रिकामी बाटली दाखवून तीच परत परत आणतो आणि बघता बघता चार-पाच वर्षं होऊन जातात. घाबरून आजच बंद करू नका, नुसत्या नाकाच्या डोसने डोळे बिघडण्याची शक्यता तशी कमीच असते. पण डोळ्यांचा दाब वाढून काचबिंदू, भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू आणि क्वचित डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचणं, हे तीन धोके आहेत.

आधी बाटली वाचा. फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन असं काही लिहिलं असेल तर ते स्टिरॉइड. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असेल तर ते स्टिरॉइड नाही (पण तेही आठवडाभर मारत बसू नका, नाक उलट जास्त चोंदतं). स्टिरॉइडमध्येही फरक आहे, फ्लुटिकासोन आणि मोमेटासोन रक्तात जेमतेम २ टक्क्यांपर्यंत पोचतात, बुडेसोनाइड बरंच जास्त.

मग अंगात जाणाऱ्या सगळ्या स्टिरॉइडची बेरीज करा, माझ्या मते खरी गोम इथेच आहे. ज्याला नाकाची ॲलर्जी त्यालाच बऱ्याचदा दमा असतो म्हणजे इनहेलर आला, त्वचेला खाज म्हणजे मलम आलं, मध्येच कधी गोळ्यांचा कोर्स, आणि डोळे चुरचुरतात म्हणून केमिस्टने दिलेले ड्रॉप्स, ज्यात बऱ्याचदा स्टिरॉइडच असतं आणि ते थेट डोळ्यात जातं म्हणून दाब वाढवण्यात सगळ्यात पुढे. ईएनटीला (कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना) ड्रॉप्स माहीत नसतात, डोळ्यांच्या डॉक्टरांना स्प्रे माहीत नसतो. एका कागदावर सगळं लिहा, किती वर्षांपासून तेही, आणि दोघांनाही दाखवा.

तिसरं काम, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, चष्म्याच्या दुकानात नाही, तिथे बहुतेक वेळा फक्त नंबर काढतात. स्वतःहून सांगा की स्टिरॉइड स्प्रे चालू आहे, दाब मोजा आणि बाहुली मोठी करून आतून बघा. दाब साधारण १० ते २१ mmHg च्या मध्ये असतो, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, डोळ्याच्या मागची, मेंदूकडे जाणारी नसही तपासून घ्या. बाहुली मोठी केली की काही तास धूसर दिसतं, गाडी स्वतः चालवत जाऊ नका. आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल, डायबिटीस असेल किंवा मायनस नंबर मोठा असेल तर हे अजिबात टाळू नका. परत कधी यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

स्प्रे मारायची पद्धतही सुधारा, म्हणजे कमी डोसमध्ये भागतं. आधी मिठाच्या पाण्याच्या स्प्रेने नाक साफ करा, बाटली हलवा, मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्याने उजव्या, टोक मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला कानाच्या दिशेने. जोरात ओढू नका, ओढलं की औषध घशात उतरतं आणि फुकट जातं.

आता लक्षणं. रात्री समोरच्या गाडीचे लाइट फार पसरतात, उन्हात किंवा वाचताना धूसर दिसतं, तर मोतीबिंदूची शंका घ्या. सरळ रेघ वाकडी दिसते किंवा मधोमध काळपट डाग दिसतो तर पडदा तपासून घ्या, तोही लगेच. काचबिंदूचं मात्र अवघड आहे, बहुतेकदा तो दुखत नाही, कडेची नजर गुपचूप जाते, म्हणून दाब आणि नस तपासल्याशिवाय कळतच नाही. स्टिरॉइड थांबवलं की दाब बऱ्याचदा काही आठवड्यांत उतरतो, पण गेलेली नस परत येत नाही आणि मोतीबिंदू वाढलाच तर ऑपरेशनच.

दाब जास्त निघाला तरी स्प्रे मनाने सोडू नका, ईएनटीला विचारा की डोस कमी करता येईल का, फक्त ॲलर्जीच्या सीझनपुरता घेतला तर चालेल का, किंवा स्टिरॉइड नसलेला ॲझेलास्टिनचा स्प्रे चालेल का.