धान्यातल्या किडीवर जैविक उपाय करताय? या चुका टाळा

श्रावणात गव्हाचं पोतं उघडलं की सोंड्यांच्या सोबतीला कधीकधी दोन-तीन मिलिमीटरच्या काळपट माश्या दाण्यांवरून तुरुतुरु पळताना दिसतात. हवेत फारशा उडत नाहीत. खिडकीजवळ पोतं असेल तर काचेवर चढून बसतात. बहुतेक घरांत त्यांना आणखी एक कीड समजून आधी त्यांनाच मारलं जातं, आणि धान्यातली पहिली चूक इथेच होते.

त्या अगदी छोट्या गांधीलमाश्या असतात. माणसाला चावत नाहीत, धान्याचा कणही खात नाहीत. मादी दाण्यावर शिंगांनी टकटक करत फिरते आणि आत सोंड्याची अळी असल्याचं तिला बाहेरूनच कळतं. मग दाण्यात नांगी खुपसून ती अळीला लुळी करते आणि तिच्या अंगावर अंडं घालते. पुढे गांधीलमाशीचं पिलू ती अळी खाऊन वाढतं. गहू, तांदूळ, ज्वारीत आढळणारी अ‍ॅनिसोप्टेरोमॅलस कॅलँड्री ही जात, तिच्यापेक्षा बारीक थिओकोलॅक्स एलिगन्स, आणि तूर-मूग-चवळीतल्या भुंग्यावरची डायनार्मस बेसालिस या आपल्याकडच्या गोदामांत आपणहून येतात. दाण्याला भोक दिसलं तर निरखून पाहा. सोंडा बाहेर पडतो ते भोक मोठं आणि ओबडधोबड असतं, गांधीलमाशीचं बारीक आणि गोल. बारीक भोकं जास्त दिसू लागली तर तुमच्या पोत्यात तुमच्या बाजूने काम सुरू आहे.

माझं स्पष्ट मत असं, की महाराष्ट्रातल्या घरगुती किंवा बचत गटाच्या साठवणीत विकत आणून सोडण्यापेक्षा आहेत त्या मित्रकीटकांना न मारणं हाच जैविक नियंत्रणाचा खरा उपयोगी भाग आहे. बाजारात काय मिळतं ते पाहिलं की हे पटेल.

किडा न ओळखता उपाय आणणं

कृषी सेवा केंद्रात ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा नावाच्या बारीक गांधीलमाशीचं कार्ड मिळतं, म्हणून ते तांदळाच्या कोठीत टांगणारे लोक आहेत. ट्रायकोग्रामा पतंगांच्या अंड्यांवर जगतो. सोंड्याची मादी दाणा कोरून आत अंडं घालते आणि वरून चिकट बूच बसवते. ट्रायकोग्रामाला तिथे काहीच करता येत नाही. गंमत म्हणजे ही कार्डं तयार होतात तीच मुळी तांदळातल्या पतंगाच्या, म्हणजे कोर्सायराच्या, अंड्यांवर. तांदळाला जाळी धरली असेल, दाणे एकमेकांना चिकटले असतील आणि राखाडी पतंग उडत असतील, तर ट्रायकोग्रामाचा विचार करण्यात काही अर्थ आहे.

भुंगेऱ्यांची ओळख अवघड नाही. लांब सोंड असलेला काळपट-तपकिरी किडा म्हणजे सोंडा. गव्हाखाली पिठासारखा भुसा ढीगभर साचला आणि किडा नळीसारखा गोल, डोकं खाली वाकवलेला असेल, तर तो दाणे पोखरणारा भुंगेरा, रायझोपर्था. पीठ, रवा, तुटक्या दाण्यांत पळणारे चपटे लालसर किडे म्हणजे ट्रायबोलियम. तो अख्खा, निरोगी दाणा फारसा फोडू शकत नाही, दुसऱ्याने फोडलेल्यावर जगतो. तूर, मूग, चवळीच्या दाण्यांवर पांढरे ठिपके चिकटलेले दिसले तर ती कडधान्यातल्या भुंग्याची अंडी. प्रत्येकाचा शत्रू वेगळा. सोंड्यावर चालणारी गांधीलमाशी पिठातल्या ट्रायबोलियमच्या वाटेला जात नाही.

ब्युव्हेरियाची पावडर धान्यात मिसळणं

ही चूक सेंद्रिय शेती करणाऱ्यांत जास्त दिसते. शेतात फवारायला आणलेलं ब्युव्हेरिया बॅसियाना, म्हणजे किड्यांना मारणारी बुरशी, उरलं, आणि 'जैविकच आहे की' म्हणून गव्हात टाकलं. एक तर ती पावडर बहुधा टाल्कमध्ये केलेली असते आणि तिच्या वेष्टनावर शेतातली पिकं नि त्यांवरच्या किडी लिहिलेल्या असतात. खायच्या धान्यात ती मिसळायची नसते. दुसरं, बुरशीला वाढायला दमटपणा लागतो आणि धान्य तर आपण मुद्दाम कोरडं ठेवतो. तिसरं कारण ट्रायबोलियमचं. हा किडा अंगातून क्विनोन नावाची तिखट वासाची द्रव्यं सोडतो. किडक्या पिठाला येणारा कुबट वास आणि गुलाबी झाक त्यांचीच. हीच द्रव्यं ब्युव्हेरियाची बुरशी रुजू देत नाहीत, म्हणून बाकीच्या किड्यांना मारणारी ही बुरशी त्याच्यावर फिकी पडते.

कीड माजल्यावर मित्रकीटकांची आठवण होणं

पोत्याला हात लावला की किडे बाहेर सांडतात, अशा अवस्थेत कुठलीही गांधीलमाशी धान्य वाचवू शकत नाही. ती दाण्यातल्या अळ्या मारते, बाहेर फिरणाऱ्या पूर्ण वाढलेल्या सोंड्यांना हातही लावत नाही. तो सोंडा कित्येक महिने जगतो आणि त्याची एक मादी तीनशेच्या आसपास अंडी घालू शकते. म्हणून गांधीलमाश्या दिसू लागल्यावर पंधरा दिवसांत 'सोंडे कमी झाले नाहीत' म्हणून हताश होणारे घाई करतात. आधीचे सोंडे चाळून काढा. साध्या गव्हाच्या चाळणीतून ते निघतात. मग पाच-सहा आठवड्यांनी पाहा: नवीन सोंडे निघायचे थांबले का, हा खरा प्रश्न.

आफ्रिकेतला एक धडा इथे उपयोगी आहे. मध्य अमेरिकेतला मक्याचा मोठा भुंगेरा, प्रोस्टेफॅनस, 1970 च्या दशकाच्या अखेरीस टांझानियात पोचला, पुढे पश्चिम आफ्रिकेतही पसरला आणि मका-कसावाच्या कोठ्या भुशाने भरू लागल्या. त्याच्या मूळ प्रदेशातून टेरेट्रियस निग्रेसेन्स हा शिकारी भुंगेरा आणला गेला आणि 1991 मध्ये टोगोत सोडला गेला. नंतर बेनिन, केनियातही. तो टिकला, पसरला, त्याच किडीच्या अळ्या खाऊ लागला. तरी शेतकऱ्याच्या प्रत्यक्ष कोठीत त्याच्या एकट्याच्या भरवशावर मका वाचेल, असं म्हणण्यासारखी हमी मिळाली नाही, कारण भरलेल्या कोठीत कीड त्याच्यापेक्षा वेगाने वाढते. मित्रकीटक कितीही खादाड असो, त्याच्या आणि किडीच्या वाढीच्या वेगातली शर्यत त्याने जिंकावी लागते.

धान्य गरम आणि दमट ठेवणं

ही शर्यत तापमान ठरवतं. अमेरिकेत गव्हावर झालेल्या प्रयोगांत थिओकोलॅक्सने रायझोपर्थाला 25 अंश सेल्सिअसला चांगलं रोखलं, 32 अंशांना मात्र तिचा जोर कमी पडला. आपल्याकडे पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात काय होत असेल, याची कल्पना करा. पोती भिंतीला टेकवू नका, खाली फळ्या ठेवा, पत्र्याखाली धान्य असेल तर दुपारची उष्णता कमी होईल अशी सोय करा. धान्याचा ओलावा 12 टक्क्यांच्या आत असला की सोंडे वाढतात सावकाश आणि गांधीलमाश्यांना वेळ मिळतो. उन्हाळ्यात वाळवलेलं धान्य जून-जुलैत हवेतला दमटपणा ओढून घेतं, म्हणूनच कीड नेमकी पावसाळ्यात डोकं वर काढते.

दोन विरोधी उपाय एकत्र करणं

धान्याला धुरी देण्याच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचा वायू गांधीलमाशीलाही मारतो. धुरी अपुरी पडली तर दाण्याआड काही सोंडे वाचतात, त्यांच्यावरच्या माश्या मात्र उरत नाहीत. मग कीड परत येते तेव्हा तिला मोकळं रान असतं. मोठ्या गोदामात दोन्ही करायचंच असेल तर क्रम असा: आधी परवानाधारकाकडून धुरी, पुरेसं वारं खेळवून वायू निघून गेल्याची खात्री, आणि मगच मित्रकीटक. घरात तर या गोळ्या आणायच्याच नाहीत. झोपायच्या खोलीत गव्हाच्या कोठीत गोळी ठेवल्याने माणसं दगावली आहेत.

राख किंवा डायटोमाइट या मातीसारख्या खनिजाची भुकटी किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडते. गांधीलमाशीच्या अंगावरही तोच थर असतो. हवाबंद पिशवीत प्राणवायू संपला की दोघंही मरतात. हे सगळे उपाय आपापल्या जागी चांगले आहेत, मी स्वतः बियाण्यासाठी हवाबंद पिशवीच सुचवीन. फक्त एका पोत्यावर एकच मार्ग निवडा. कडुलिंबाचा पाला टाकला तर फार बिघडत नाही, पण त्याच्यावरच सगळी भिस्त ठेवू नका.

विकत मिळेल या आशेवर थांबणं

जर्मनीत सोंड्यावरची लॅरिओफॅगस गांधीलमाशी सेंद्रिय धान्याच्या कोठारांसाठी विकत मिळते. होहेनहाइम विद्यापीठातल्या संशोधकांनी तर एक पेटी बनवली: आत गांधीलमाशी जिच्यावर जगते ती कीड आणि गांधीलमाश्या दोन्ही वाढतात, बाहेर फक्त गांधीलमाश्या पडतात. आपल्याकडे असं तयार पाकीट सहसा हाती लागत नाही. पण त्या पेटीमागची कल्पना इथे वापरता येते. चाळताना निघालेले पोखरलेले दाणे जाळून टाकण्याआधी त्यात बारीक गोल भोकं आहेत का, माश्या निघतात का, ते पाहा. निघत असतील तर ते दाणे काचेच्या बरणीत घालून तोंडाला अशी जाळी बांधा, की माशी निघेल, सोंडा अडेल. जाळीची भोकं साधारण एक मिलिमीटरची. आधी दोन-चार सोंडे टाकून पाहा, निघाले तर जाळी बदला. ही बरणी साठ्याच्या खोलीत ठेवा, आणि माश्या निघायच्या थांबल्या की आतले दाणे नष्ट करा.

अंग खाजतंय म्हणून गांधीलमाशीला दोष देणं

किडकं धान्य हाताळल्यावर हातापोटावर लाल पुरळ उठतं आणि रात्री खाज सुटते. लोक नाव त्या काळ्या माश्यांचं घेतात. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा पायमोटिस हा डोळ्यांना सहज न दिसणारा, कोळ्याच्या जातकुळीतला बारीक जीव असतो. तोही किड्यांच्या अळ्यांवर जगतो, म्हणजे किडीचा शत्रूच, पण माणसालाही चावतो. त्यामुळे जैविक नियंत्रणासाठी त्याचा विचार झाला तरी तो मागे पडला. पुरळ उठलं तर ते धान्य उघड्या हातांनी निवडू नका, कपडे गरम पाण्यात धुवा, आणि खाज राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

पिठात मित्रकीटक शोधणं

पिठाच्या डब्यासाठी जैविक उपाय विचारणारे खूप असतात. उत्तर सरळ आहे: पिठात मित्रकीटक सोडायचे नाहीत. दाणा दळण्याआधी चाळता, पाखडता, धुता येतो, पीठ नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1992 मध्ये साठवलेल्या धान्यात असे परोपजीवी आणि शिकारी कीटक वापरायला मोकळीक दिली, ती धान्य स्वच्छ करताना ते निघून जातात हे धरूनच. तिथल्या अन्न प्रशासनाने गव्हाच्या 50 ग्रॅम पिठात कीटकांच्या तुकड्यांसाठी 75 हा कारवाईचा आकडा, म्हणजे ज्यापासून पुढे कारवाई होऊ शकते ती पातळी, ठरवला आहे. तुकडा सोंड्याचा की गांधीलमाशीचा, हे तिथे कुणी विचारत नाही. भारताच्या अन्न मानकांत धान्यातल्या युरिक अ‍ॅसिडला किलोमागे 100 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ते किडीच्या विष्ठेतून येतं, आणि कीड मेली तरी आतच राहतं. किडलेलं पीठ कुठल्याही मित्रकीटकाने चांगलं होत नाही.

गिरणीवाल्यांनी लक्ष द्यायची जागा वेगळी आहे: जात्याच्या पट्ट्याखाली, लाकडी चौकटीच्या फटींत, विजेच्या बोर्डामागे साचलेलं पीठ. ट्रायबोलियम तिथे वर्षानुवर्षं राहतो आणि नवीन दळणात उतरतो. आधी ब्रश आणि व्हॅक्यूम, बाकी सगळं नंतर. घरी कुबट वासाचं पीठ टाकून द्या, डबा गरम पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवा, झाकणाच्या कडेत अडकलेलं पीठ सुईने काढा. पावसाळ्यात आठवडाभराचंच दळण आणा, आणि जास्तीचं पीठ चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मगच डब्यात भरा.