कोकण किनाऱ्यासाठी सेकंडहँड शिडाची बोट कशी निवडायची

बोट बघायला जायच्या आधी ती कुठल्या पाण्यात चालवायची ते पक्कं करा. मुंबई ते गोवा किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं आणि रात्री जयगड, विजयदुर्गसारख्या ठिकाणी आत शिरून नांगर टाकायचा असेल तर ड्राफ्ट, म्हणजे बोट पाण्याखाली किती जाते, हे सगळ्यात आधी विचारायचं. बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळू साचते, मुंबईला उधाणाच्या भरतीला पाणी 5 मीटरच्या आसपास चढतं पण गोव्याकडे भरती-ओहोटीचा फरक 2 मीटरच्या आसपासच, त्यामुळे तिकडे रुतलात तर भरतीची मदतही कमीच मिळते. माझ्या मते ड्राफ्ट दीड मीटरच्या आत आणि लांबी 26 ते 30 फूट, दोघा-तिघांना पुरते.

दुसरं वाऱ्याचं. सकाळी मतलई वारे, दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा, म्हणजे गोव्याला जाताना मजा आणि परत येताना तोच वारा नाकावर, म्हणून वाऱ्याच्या विरुद्ध नीट चढणारी बोट आणि भरवशाचं डिझेल इंजिन दोन्ही लागतं.

आता प्रत्यक्ष बोट. आतल्या गाद्या, पॉलिश, नवा रंग याकडे बघूच नका, आधी अनवाणी डेकवर चाला. फायबरच्या बऱ्याच बोटींच्या डेकमध्ये दोन थरांच्या मधे बाल्सा लाकूड असतं, एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत गेलं की ते कुजतं आणि वरून काहीच दिसत नाही. पाय किंचित दबला की समजा. मग प्लास्टिकच्या हातोडीने हळू ठोकत जा, खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर तिथे पेन्सिलने खूण करा, विशेषतः डोलकाठीच्या बुडाशी, रेलिंगच्या खांबांपाशी आणि डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा जिथे डेकला येतात तिथे. एखादी जागा दुरुस्त होते, पण अर्ध्या डेकवर खुणा झाल्या तर बोट कितीही आवडलेली असो, सोडून द्या.

डोलकाठीच्या स्टीलच्या तारा कधी बदलल्या ते बिलासकट विचारा. साधारण 10 ते 15 वर्षं आयुष्य धरतात, आपल्या खाऱ्या दमट हवेत मी 10च धरतो. एक जरी धागा तुटलेला दिसला तरी सगळ्या तारांचा खर्च किमतीतून कमी करून मागा.

इंजिन तुम्ही पोचल्यावर थंड असलं पाहिजे, हात लावून बघा, मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन पटकन सुरू व्हावं, एक्झॉस्टमधून पाणी पडत राहावं, निळा धूर येत राहिला तर ते ऑइल जाळतंय.

बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. कील, म्हणजे तळाखालचा वजनदार पंखा, जिथे बोटीच्या मुख्य अंगाला जोडलेली असते तिथली भेग, सुकाणू हातात धरून हलवल्यावर येणारी खडखड, तळाला आलेले फोड, तळातले पितळी व्हॉल्व्ह खरवडल्यावर दिसणारा गुलाबी रंग, हे सगळं तेव्हाच कळतं. इथे स्वतःचा सर्व्हेअर, म्हणजे बोटी तपासून देणारा जाणकार, न्या, मालकाने सुचवलेला नको.

जमलं तर पावसाळ्यातच बघायला जा. बऱ्याच बोटी तेव्हा किनाऱ्यावर काढलेल्या असतात आणि धो धो पावसात खिडकी कुठे गळते, कपाटात कुठे ओल आहे ते आपोआप दिसतं. समुद्रातली चाचणी मात्र पावसाळा संपल्यावर, दुपारच्या वाऱ्यात, आणि ती होईपर्यंत फक्त टोकन द्यायचं, चाचणीत बोट पसंत पडली नाही तर टोकन परत मिळेल असं लिहून घेऊन.