जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवण्याआधी

ऑफरमधला एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारा चिपवाला वेगवान ड्राइव्ह, कार्टमध्ये टाकायच्या आधी लॅपटॉपचा मॉडेल नंबर घेऊन आत नेमका कोणता स्लॉट आहे ते बघा. २.५ इंची साटाची (हार्डडिस्क जोडायच्या जुन्या पद्धतीची) जागा असेल तर प्रश्न मिटला. एम.२ असेल तर नीट वाचा, कारण एम.२ हा फक्त पट्टीसारख्या ड्राइव्हचा आकार आहे. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. या आकारात साटा ड्राइव्हही मिळतो आणि पीसीआयई या वेगवान जोडणीवर चालणारा एनव्हीएमईही. पहिला सेकंदाला साधारण ५५० एमबीवर अडतो, दुसरा पीसीआयई ३ च्या चार लेनवर (डेटाच्या वाटांवर) ३,५०० च्या घरात जातो. मात्र फक्त साटा चालणाऱ्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई खोचलात तर तो दिसणारच नाही. टॅली, ब्राउझर, एक्सेल एवढंच काम असेल तर साटाही पुरे; हार्डडिस्कवरून आलेल्याला तोच फरक भरपूर वाटतो. फार स्वस्त क्यूएलसी (चिपच्या एका कप्प्यात चार बिट साठवणारा) ड्राइव्ह मात्र मोठ्या फाइली कॉपी करताना कॅशे, म्हणजे तात्पुरती वेगवान जागा, भरला की रडायला लागतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी टीएलसीच (कप्प्यात तीन बिटवाला) घ्यावा.

मग बॅकअप. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड एएचसीआय आहे ना, हे विंडोज टाकण्याआधीच बघा. नंतर बदलला तर मशीन बूट व्हायला नखरे करतं. जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करण्यापेक्षा विंडोज नव्याने टाकलेलं बरं, चार वर्षांचा कचरा कशाला उचलून न्यायचा?

एम.२चा बारीक स्क्रू बऱ्याचदा ड्राइव्हसोबत येत नाही, तो आधी शोधा. ड्राइव्ह तिरका सरकवायचा. सोडला की टोक वर उचललेलं राहतं, ते हलकेच दाबून स्क्रू लावायचा. २.५ इंची असेल आणि डीव्हीडीच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) लावणार असाल, तर कॅडीत जुनी हार्डडिस्क जाऊ द्या, एसएसडी मूळ जागेवर. कॅडीचा पोर्ट अनेकदा मंद असतो.

चालू झाल्यावर ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मध्ये प्रकार ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ दिसतोय का पाहा. आठवड्याचं शेड्यूल तसंच राहू द्या, ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा एसएसडीला कळवणं) तिथूनच होतं. डीफ्रॅगची (डिस्कवरचे फाइलींचे तुकडे जुळवणारी) वेगळी सॉफ्टवेअर्स काढून टाका. पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची फाइल) बंद करा, अमुक सर्व्हिस बंद करा, असले यूट्यूबी सल्ले सोडून द्या. १०-१५ टक्के जागा मोकळी ठेवा, फर्मवेअरचं (ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट आलंय का बघा. जुनी डिस्क महिनाभर तरी फॉरमॅट करू नका. डेस्कटॉपवरचं एखादं फोल्डर हमखास राहिलेलं असतं.