कुत्र्याचे केस काढायला बसण्याआधी (पंखा बंद केलात का?)

लॅब्राडोर असलेल्या घरात काळी पँट घालायची नसते हे आधी मान्य करा आणि मग पुढे वाचा. केस शून्य होणार नाहीयेत. पाहुणा सोफ्यावरून उठला की त्याच्या पाठीला अर्धी चिंगी (आमची कुत्री) लागलेली दिसू नये, एवढ्यासाठीच आपला हा सगळा खटाटोप आहे.

सोफ्यापासून सुरुवात करू नका, कुत्र्यापासून करा. दोनेक दिवस आधी अंघोळ घाला, पूर्ण कोरडी झाली की गच्चीवर नाहीतर खाली पार्किंगमध्ये नेऊन ब्रश करा, कारण अंघोळीनंतर सुटलेले केस भसाभसा निघतात आणि ते घरात निघण्यापेक्षा बाहेर निघालेले बरे. लॅब, हस्की, जर्मन शेफर्ड वगैरेंना केसांचे दोन थर असतात, त्यातला खालचा मऊ थर आपल्या घरभर उडत असतो आणि साधा कंगवा त्याच्यापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे अंडरकोट रेक (खालच्या थरापर्यंत जाणारा लांब दातांचा कंगवा) किंवा निदान स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा) आणा. वैतागून मुंडण मात्र करू नका हं, तोच कोट त्यांना उन्हापासून वाचवतो आणि एकदा काढला की पहिल्यासारखा येईलच असं नाही. मांजर असेल तर शुभेच्छा, ती जेवढं करू देईल तेवढंच करा. आणि निघालेले केस चिमण्यांना घरट्यासाठी म्हणून बाल्कनीत ठेवायची हौस असेल तर कुत्र्याला गोचिडीचं औषध लावलेलं नाही ना ते बघा, ते औषध पिल्लांना बाधतं. लावलं असेल तर सरळ कचऱ्यात.

आता पंखा. आदल्या रात्री पाती पुसून घ्या, जुनं उशीचं कव्हर पात्यावर चढवून बाहेर ओढलं की सगळी घाण कव्हरातच राहते. हे नाही केलं तर सोफा चकाचक झाल्यावर पंखा लावाल आणि पात्याच्या कडेची ती काळी केसाळ लव परत सोफ्यावर येईल. मग कामाला बसताना पंखा बंद. एसी पण बंद. मागच्या गणपतीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे ग्लोव्हज होते, ब्रश होता, टेपचे रोल होते, सकाळभर सोफा घासून केसांचा हा एवढा ढीग करून ठेवला होता मी, पंखा मात्र डोक्यावर एकवर फिरत होता आणि त्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं, तेवढ्यात बाबा बाहेरून आले, 'केवढं उकडतंय गं' म्हणाले आणि रेग्युलेटर पाचवर. थोडे केस पडद्यांवर, थोडे टीव्हीवर, एक सारणात सापडला. म्हणून सांगते, नुसता बंद करू नका, बटणावर चिकटपट्टी लावा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. उकडू दे. सकाळी लवकर बसा म्हणजे कमी उकडेल.

सामान फारसं लागत नाही. किचनमधले रबरी ग्लोव्हज, काच पुसायचा रबरी वायपर, रुंद चिकटपट्टी, कचऱ्याची पिशवी. झाकण असलेला डबा पिशवीपेक्षा बरा, कारण काढलेला प्रत्येक गोळा लगेच आत गेला पाहिजे, जमिनीवर ढीग करायचाच नाही, पंखा बंद असला तरी. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तम, पण आधी त्याची पिशवी रिकामी करा आणि सोफ्याचं छोटं तोंड शोधून ठेवा, ते कधीच जागेवर नसतं. लिंट रोलर, म्हणजे चिकट कागदाचा तो फिरता रोल, लोक सगळ्यात आधी काढतात आणि अख्खा रोल एका उशीवर संपवतात. तो शेवटच्या हातासाठी आहे! खरं काम रबर करतं, घासल्यावर केस एकमेकांत अडकून गोळा होतात. ग्लोव्ह किंचित ओला करा, झटका आणि एकाच दिशेने आपल्याकडे ओढत या, पुढेमागे घासायचं नाही. दोनचार हातांत समईच्या वातीसारखी पिवळट लांब वळी तयार होते, ती उचलून डब्यात. ग्लोव्ह चिंब ओला असेल तर केस कापडाला चिकटून बसतात आणि मग वाळेपर्यंत काही करता येत नाही. ग्लोव्हज नसतील तर जुनी हवाई चप्पल धुऊन तिच्या तळाने ओढा, हसू नका, सतरंजीवर आणि गाडीच्या सीटवर तिच्यासारखं काही नाही.

कापड बघून हात चालवा. जाड विणीच्या सोफ्याला वायपर चालतो, मखमलीला नाही, तिथे लव ज्या बाजूला झोपते त्याच बाजूने हलका हात. सिल्क, लोकर यांच्या जवळ रबर नेऊच नका, नुसती टेप थोपटून उचलायची. टाच घासायचा दगड कार्पेटवर वापरा असं कोणी सांगेल, घासलेल्या कार्पेटचे पैसे त्यांच्याकडून घ्या. आजीच्या हाताची गोधडी असेल तर ती वेगळी घ्या आणि वेळ हाताशी ठेवून घ्या, धावदोऱ्याच्या प्रत्येक टाक्याखाली केस जाऊन बसलेला असतो आणि जोरात ओढलं तर जुना दोरा तुटतो. आपल्या देशी कुत्र्यांचे आखूड केस तर आणखी वाईट, ते कापडावर पडत नाहीत, टाचणीसारखे सरळ आत घुसतात, एकेक करून प्लकरने काढावे लागतात. हे करताना गोचीड दिसते का तेही बघून घ्या. आणि पंखा? कोणी लावला नाही ना? बघून या एकदा.

धुणं. कोरडे केस कोरडेपणीच काढायचे, मग मशीन. आधी भिजवलं की केस ओले होऊन विणीत रुततात, राहिलेले ड्रमला चिकटतात आणि पुढच्या खेपेला तुमच्या ऑफिसच्या शर्टाला लागतात. चादर झटका, पण बाल्कनीतून नको, खालच्या काकूंची दांडी बरोबर आपल्या बाल्कनीखाली असते आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो यायला दोन मिनिटं लागतात. गच्चीवर जा. झटकून आल्यावर खोलीत पाऊल टाकायच्या आधी, हो, पंखा.

मशीनमध्ये कमी कपडे टाका, पाणी जास्त ठेवा, शेवटच्या खळबळायच्या पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर. ब्लीच वापरलं असेल तर व्हिनेगर अजिबात नको, विषारी वायू होतो. परदेशात राहणाऱ्यांकडे गरम हवेचा ड्रायर असतो, त्यांनी धुण्याआधी दहा मिनिटं नुसतेच फिरवले तरी बरेच केस जाळीत येतात. आपल्या सेमीऑटोमॅटिकचा ड्रायर नुसता पिळतो, त्याच्याकडून अशी अपेक्षा नको. आपल्याला ऊन आहे, वाळल्यावर परत झटका. पावसाळ्यात हे काम काढू नका, पण गणपती पावसाळ्यातच येतात, त्यामुळे काढावंच लागतं.

घरी येणाऱ्यांत कोणाला दमा, अ‍ॅलर्जी असेल तर केस काढून भागत नाही, त्रास कातडीच्या कोंड्याचा आणि लाळेचा असतो, तो डोळ्याला दिसत नाही. कव्हरं गरम पाण्यात धुवा आणि चिंगीला त्या खोलीत सोडू नका. मांजर असेल तर फिनेलने सोफा, फरशी पुसू नका, मांजरांना ते विष आहे.

पडदे वरून खाली, ग्लोव्हने. उशा. पायपुसणी फेकून नवीन आणा, सोपं पडतं. मोरीच्या जाळीतले केस हाताने उचला, पाण्याबरोबर ढकलू नका. सगळं झाल्यावर मशीनचं फिल्टर, टॉप लोडमध्ये ते आत जाळीच्या पिशवीत असतं, फ्रंट लोडमध्ये खाली छोट्या झाकणामागे, उघडण्याआधी खाली ताट आणि फडकं ठेवा, पाणी येतं.