परदेशातल्या मानवाधिकार भंगाबद्दल दिल्लीला जाब कसा विचारावा?

नागरिकांनी रेटा दिला की परराष्ट्र धोरणही हलते. श्रीलंकेतल्या युद्धातील अत्याचारांवरून तमिळनाडूत रान पेटले, तेव्हा 2012 आणि 2013 मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत श्रीलंकेवरच्या ठरावाच्या बाजूने मत दिले. 2014 मध्ये मात्र भारत तटस्थ राहिला. म्हणजे रेटा टिकवावाही लागतो. ज्या गोव्याच्या घराघरांतून माणसे आखातात आणि बोटींवर तारवटी म्हणून गेली आहेत, त्या गोव्याने तर या बाबतीत गप्प बसूच नये.

आधी मागणी नेमकी करा. 'म्यानमारमधले अत्याचार थांबवा' या ओळीवर दिल्लीतला कुठलाही अधिकारी काही करू शकत नाही. '18 जून 2021 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारवरच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. यापुढे बाजूने मत द्यावे' ही खरी मागणी. एका पत्रात एकच देश, एकच मागणी.

मग दार ओळखा. परराष्ट्र व्यवहार हा केंद्राचा विषय असल्याने पर्वरीच्या गोवा विधानसभेकडून फार तर पाठिंब्याचा ठराव मिळेल. खरे काम खासदारांचे: गोव्याचे लोकसभेत दोन, राज्यसभेत एक. खासदार मंत्री असेल तर तो सभागृहात प्रश्न विचारू शकत नाही. त्याच्याकडून परराष्ट्र मंत्र्यांना पत्र मागा आणि प्रश्नासाठी दुसऱ्या खासदाराकडे जा.

संसदेतला प्रश्न हे सर्वांत धारदार हत्यार आहे, कारण त्याचे उत्तर छापील आणि कायमचे राहते. लोकसभेत किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि प्रश्न 150 शब्दांत बसवावा लागतो, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच मसुदा खासदाराच्या कार्यालयात पोचवा आणि पोच घ्या. मित्रदेशाचा अनादर करणारा प्रश्न नियमांनुसार स्वीकारला जात नाही, आणि बहुतेकांचे मसुदे इथेच अडकतात. 'कुवेत सरकार भारतीयांचा छळ करते हे खरे आहे काय?' हा प्रश्न बाद होईल. त्याऐवजी असे लिहा: '(अ) गेल्या तीन वर्षांत कुवेतमधील दूतावासाकडे पासपोर्ट काढून घेणे व वेतन थकवणे याबाबत किती तक्रारी आल्या, (आ) त्यांपैकी किती निकाली निघाल्या, (इ) हा विषय तेथील सरकारपुढे कोणत्या पातळीवर मांडला?' यात आरोप कुठेच नाही, पण आकडे बाहेर येतात. तोंडी उत्तराचे प्रश्न सोडतीने निवडतात, त्यामुळे लेखी उत्तराचा प्रश्नही सोबत द्या.

सह्यांची मोहीम करायची असेल तर लोकसभेच्या याचिका समितीचे नियम पाळा. याचिका हिंदी किंवा इंग्रजीत हवी. मराठीत लिहिली तर सही केलेले भाषांतर जोडा. प्रत्येक सहीसोबत पूर्ण नाव आणि पत्ता हवा. सह्यांची पाने वाढली की प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागणी पुन्हा लिहावी लागते. मडगावच्या बाजारात कोऱ्या कागदांवर गोळा केलेल्या सह्या म्हणूनच वाया जातात. कात्रणे, फोटो जोडू नका, ते चालत नाहीत.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत ऑनलाइन होतो, उत्तराची मुदत तीस दिवस. परदेशांशी संबंध बिघडवणारी माहिती कलम 8 खाली नाकारता येते, म्हणून पत्रव्यवहाराऐवजी आकडे आणि खर्च विचारा.

एक गोष्ट कधीही विसरू नका. ज्या कामगारासाठी आपण लिहितो तो अजून त्याच देशात, त्याच मालकाच्या हाताखाली आहे. त्याच्या संमतीशिवाय नाव, फोटो, कंपनी काहीही व्हॉट्सअॅपवर टाकू नका. त्याची वैयक्तिक तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर वेगळी नोंदवा. धोरणाच्या पत्रात ती मिसळली की दोन्ही रेंगाळतात. परदेशी संस्थेने पैसे देऊ केले तर परदेशी देणगीचा कायदा तपासल्याशिवाय रुपयाही घेऊ नका.

संसदेतल्या प्रश्नाचे उत्तर आले की शब्द नीट वाचा. 'माहिती गोळा केली जात आहे' असे लिहिले असेल तर ते बहुधा आश्वासन धरले जाते आणि सरकारने ते तीन महिन्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते. ती तारीख वहीत लिहून ठेवा. मुदत उलटली की त्याच खासदाराकडे जाऊन शासकीय आश्वासन समितीला पत्र द्यायला सांगा.